आधी जात निवडा, मग खेळा!

दिवाळीच्या सुट्टीत माझ्या बहिणीचा मुलगा पुण्याहून आमच्याकडे आठ दिवस राहायला आला होता. येताना टॉवेल विसरला, पण लॅपटॉप मात्र छातीशी धरून आणला. फराळाची ताटली पुढ्यात आणि डोळे त्या स्क्रीनवर. आमची धाकटी, आठवीतली, दिवसभर त्याच्या शेजारी ठाण मांडून. 'काय एवढं बघता रे त्यात? डोळे फुटतील,' म्हणून मी दोन-तीनदा ओरडलेही. शेवटी एका दुपारी भांडीकुंडी आवरून झाली आणि मीच त्यांच्या मागे खुर्ची ओढून बसले. म्हटलं, उगाच ओरडण्यापेक्षा बघू तरी.

गेमचं नाव स्कायरिम. बेथेस्डा नावाच्या अमेरिकन कंपनीने २०११ साली काढलेला, आणि अजूनही जगभर खेळला जाणारा. राजे, तलवारी, जादूटोणा, ड्रॅगन, असं सगळं त्यात. आपल्या चांदोबातल्या गोष्टी असायच्या ना, तसंच, फक्त युरोपच्या थाटाचं आणि गोष्टीतला नायक आपण स्वतः. सुरुवातीलाच घोडागाडीतून काही कैद्यांना शिरच्छेदासाठी नेत असतात. त्यातला एक कैदी म्हणजे आपण. गाडीतून उतरलो की शिपाई विचारतो, तू कोण? आणि खेळ तिथे थांबतो. आपण कोण हे आता आपणच ठरवायचं. बाई की पुरुष, नाक कसं, केस कसे, अंगाचा रंग कोणता. पण सगळ्यात आधी दहा नावांची एक यादी समोर येते.

'हे रे काय?' मी विचारलं.

'मावशी, ही रेस. म्हणजे... जात समज. आधी जात निवडायची, मग पुढे जायचं.'

माझ्या डोळ्यांपुढे एकदम शाळा सोडल्याचा दाखला आला! राक्षस मारायला निघालेल्या माणसालाही आधी जातीचा रकाना भरावा लागतो म्हणायचा.

यादीत चार जाती माणसांच्या. नॉर्ड म्हणजे थंड प्रदेशातले उंच, गोरे लढवय्ये. यादी उघडली की सगळ्यात आधी समोर उभा राहतो तो नॉर्ड पुरुषच. मग ब्रेटन आणि इंपीरियल, तेही गोरेच. आणि रेडगार्ड, म्हणजे वाळवंटातून आलेले सावळे-काळे तलवारबाज. तीन जाती एल्फांच्या, म्हणजे लांब कानांच्या, यक्ष-गंधर्वांसारख्या लोकांच्या. एक ऑर्क, सुळेवाले, हिरवट कातडीचे. एक मांजरतोंड्या खजिटांची आणि एक पालीसारख्या कातडीच्या आर्गोनियनांची.

माझ्या लेकीने क्षणाचाही विचार न करता नॉर्ड बाई निवडली. रंगाची एक पट्टी असते, ती सरकवत सरकवत अगदी पांढऱ्या टोकाला नेली. केस सोनेरी, लांब, सरळ. मी हसतच म्हटलं, 'अगं, तू अशी कुठे आहेस?'

तिने मान वर न करता उत्तर दिलं, 'आई, गेममध्ये तरी गोरी होऊ दे ना.'

मैत्रिणींनो, माझं हसू तिथेच विरलं. लेकीने रंग माझा घेतला आहे. ती झाली तेव्हा बघायला आलेल्या बायका म्हणाल्या होत्या, 'नाकीडोळी नीटस आहे हो!' त्या 'हो'चा अर्थ आपल्या सगळ्यांना कळतो. मला वाटत होतं, आपण घरात कधी रंगाचा विषय काढला नाही, म्हणजे तिच्या मनात तो नसेल. किती भाबडी असते आई!

पुढचे चार-पाच दिवस मी भाच्याला प्रश्न विचारून विचारून हैराण केलं. तो गेल्यावरही मिळेल तिथून वाचत राहिले. जे कळलं ते तुमच्याशी बोलावंसं वाटतं, कारण आपल्या घरातली मुलं या जगात तासन्‌तास राहून येतात आणि आपल्याला त्या जगाचा पत्ताही माहीत नसतो.

या सगळ्या खेळांची आजी म्हणजे १९७४ साली अमेरिकेत निघालेला डंजन्स अँड ड्रॅगन्स नावाचा खेळ. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघांनी तो तयार केला. तेव्हा कॉम्प्युटर नव्हता. चार मित्र टेबलाभोवती बसायचे, कागदावर आपलं पात्र लिहायचे, फासे टाकायचे आणि गोष्ट पुढे न्यायचे. त्यातले एल्फ, ड्वार्फ, ऑर्क हे बरेचसे टोल्किन या इंग्रज लेखकाच्या पुस्तकांतून आलेले. प्रत्येक रेसला जन्मजात गुण-दोष. आणि ते नुसते वर्णनात नाहीत, आकड्यांत. शक्ती इतकी, चपळाई इतकी, बुद्धी इतकी.

आता आकडे बघा. २००० साली या खेळाची तिसरी आवृत्ती निघाली. त्यात हाफ-ऑर्क, म्हणजे माणूस आणि ऑर्क यांच्या संकरातून झालेलं मूल, निवडलं की शक्तीत दोन गुण वाढायचे आणि बुद्धीतून दोन वजा व्हायचे. कॉम्प्युटरवरच्या खेळांनी हाच हिशेब उचलला. स्कायरिमच्या आधीचा, २००६ सालचा ऑब्लिव्हियन नावाचा गेम आहे. त्यात उच्चकुलीन हाय एल्फ निवडला तर सुरुवातीला बुद्धीचे गुण ५०. काळा रेडगार्ड निवडला तर ३०. पुढे खेळून वाढवता येतात, नाही असं नाही. पण शर्यत सुरू होण्याआधीच एकाला वीस पावलं पुढे उभं केलेलं. आणि काळ्या माणसाच्या वाट्याला काय, तर अंगात ताकद भरपूर, डोकं कमी. हा समज कुठल्या गोष्टीतला नाही. गुलामांच्या बाजारापासून चालत आलेला आहे.

आणखी एक गंमत सांगते. गंमत कसली म्हणा! डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये ड्राउ नावाचे एल्फ आहेत. बाकीचे एल्फ देखणे, शहाणे. हे मात्र जमिनीखाली राहणारे, क्रूर, कपटी. ओळखायचे कसे? कातडी काळी. आणि त्यांच्यात राज्य कोणाचं, तर बायकांचं. काळे आणि वर बायकांच्या हुकमात, म्हणजे वाईटच असणार, हे ज्याने लिहिलं त्याला कदाचित आपण काय लिहितोय हे जाणवलंही नसेल.

स्कायरिममध्ये मला सगळ्यात जास्त खुपले ते खजिट. ती मांजरतोंडी जमात. हे भटके व्यापारी. तांडा घेऊन गावोगाव फिरतात, पण त्यांना गावाच्या वेशीच्या आत येऊ देत नाहीत. का, तर चोर असतात म्हणून. बिचारे भिंतीबाहेर तंबू ठोकतात, तिथेच माल विकतात, तिथूनच पुढे निघतात. विंडहेल्म नावाच्या शहरात डार्क एल्फ आहेत. ज्वालामुखी फुटून देश उद्ध्वस्त झाला, त्यातून आलेले निर्वासित. त्यांची वेगळी कोंदट वस्ती आहे. आपण त्या शहरात शिरलो की दरवाज्यातच दोन नॉर्ड पुरुष एका डार्क एल्फ बाईला अडवून हिणवत असतात. हे बघून मला बरं वाटलं. म्हटलं, चला, गेम करणाऱ्यांना अन्याय कळतो तर! खेळणाऱ्या मुलाला त्या बाईची, त्या तांड्याची कणव यावी असंच ते लिहिलंय.

पण मग मी भाच्याला विचारलं, 'समज, मी खजिट झाले, तर मला कसले गुण मिळतात?'

त्याने यादी दाखवली. दबक्या पावलांनी वावरणं, कुलूप उघडणं, खिसे कापणं, यांत जन्मजात जास्त गुण!

बघा हं. गोष्ट सांगते की गावकरी या लोकांवर उगाच संशय घेतात. आणि आकडे सांगतात की संशय खराच आहे, हे पोटातूनच चोरी शिकून येतात. गोष्ट मूल विसरेल एखाद वेळेस. आकडे मात्र खेळताना दर मिनिटाला वापरावे लागतात.

हे ऐकून मी गप्प झाले, त्याला कारण होतं. आमच्या गावाबाहेर माळावर पारध्यांची पालं आहेत. आमच्या महिला मंडळातर्फे आम्ही आठवड्यातून दोनदा तिथल्या मुलांचा अभ्यास घ्यायला जातो. त्यातली एक चौथीतली चुणचुणीत पोर मला एकदा म्हणाली होती, 'बाई, वर्गात कुणाचं पेन हरवलं की आधी माझंच दप्तर उघडतात.' तिच्या आवाजात तक्रार नव्हती. पाऊस पडतो, ऊन पडतं, तसं ती सांगत होती. इंग्रजांनी १८७१ साली कायदा केला आणि काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं. आधी उत्तरेत, मग देशभर. स्वातंत्र्यानंतर १९५२ साली तो कायदा रद्द झाला. कागदावरचा आकडा पुसला गेला, पण दप्तर अजून आधी तिचंच उघडतं. ऐंशी वर्षं वापरलेला नियम एका सहीने मनातून जात नाही. म्हणून खेळातला का असेना, जन्मावरून गुण-अवगुण ठरवणारा आकडा दिसला की मला ती पोर आठवते.

भाचा मात्र हट्टाला पेटला. 'मावशी, तू फारच सिरियसली घेतेस. ऑर्क काय खरे असतात का? राक्षस कुणीतरी हवाच ना, नाहीतर मारायचं कुणाला?'

मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. आपल्याही गोष्टींत राक्षस आहेतच. पण राक्षसाला रूप देताना माणूस कुठून तरी उचलतो. टोल्किननेच १९५८ सालच्या एका पत्रात ऑर्कांचं वर्णन करताना मंगोल वळणाच्या चेहऱ्यांचा दाखला दिला आहे, म्हणजे युरोपच्या नजरेला जे चेहरे कुरूप वाटत त्यांचा. आणि हाच टोल्किन १९३८ साली, तुम्ही आर्य वंशाचे आहात का, असं विचारणाऱ्या जर्मन प्रकाशकाला खरमरीत उत्तर लिहायला बसला होता. म्हणजे माणूस वंशवादी नव्हता. तरी पेनातून ते उतरलं. चांगल्या माणसांच्या हातूनही अशा गोष्टी होतात, म्हणून तर डोळे उघडे ठेवायचे. आपल्या टीव्हीवरचे असुर काळे आणि देव गोरे कुणी केले, हा प्रश्न मी तरी आजवर कुठे विचारला होता?

दुसरी बाजूही ऐकायला हवी. पोलंडमधल्या सीडी प्रोजेक्ट रेड या कंपनीचा द विचर ३ हा गेम २०१५ साली आला आणि खूप गाजला. अमेरिकेतल्या काहींनी विचारलं, एवढ्या मोठ्या जगात एकही काळा माणूस कसा नाही? त्यावर पोलंडमधले लोक दुखावले. ते म्हणाले, हे आमच्या स्लाव लोकांच्या कथांमधलं जग आहे. आम्ही स्वतः शेजाऱ्यांच्या टाचेखाली भरडून निघालो, आम्ही कुणाला गुलाम केलं नाही, तुमच्या देशाचा हिशेब आमच्याकडे का मागता? आणि खरंच, त्या गेममध्ये एल्फ आणि ड्वार्फ लोकांचा होणारा छळ फार टोकदार दाखवलाय. मला दोन्ही बाजू पटल्या. प्रत्येकाने आपली गोष्ट सांगावी हे बरोबर. पण जिथे ड्रॅगन चालतो तिथे काळी कातडी मात्र खोटी वाटते, असं कुणी म्हणालं की मला हसू येतं.

बदल होतोय, तोही सांगते. २०२० च्या मे महिन्यात अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला आणि तिथे सगळ्याच क्षेत्रांत लोक स्वतःकडे बघायला लागले. जूनमध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या कंपनीने जाहीर केलं की ऑर्क आणि ड्राउ यांना सरसकट दुष्ट दाखवणं चुकीचं होतं, आम्ही ते बदलू. त्याच वर्षी नवीन नियम आले, जन्माचे वाढीव गुण हवे त्या बाजूला वळवता येतात. २०२४ च्या पुस्तकात तर 'रेस' हा शब्दच काढून टाकला. वाढीव गुण आता पात्राच्या पार्श्वभूमीवर अवलंबून, म्हणजे ते कुठे वाढलं, कोणतं काम शिकलं, यावर. ऑर्क कुळातलं पोरही आता पोथ्या लिहिण्याचं काम शिकून वर येऊ शकतं. पन्नास वर्षं लागली, पण नियम माणसांनीच केले होते आणि माणसांनीच बदलले. अर्थात एक दुरुस्ती केली की दुसरीकडे टाका उसवतो. त्याच पुस्तकातून हाफ-एल्फ आणि हाफ-ऑर्क हे वेगळे रकाने गेले. दोन वंशांच्या आईबापांची जी मुलं त्या पात्रांमध्ये स्वतःला बघत होती, त्यातल्या काहींना वाटलं, आम्हालाच पुसलं.

कॉम्प्युटरवरही तसंच. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा गेम २००४ सालचा. त्यात माणसांच्या पात्रांना काळ्या आणि आशियाई वळणाचे चेहरे आणि कुरळे केस धड मिळाले ते २०२० साली. सोळा वर्षं! ज्या पोरीचे केस कुरळे, तिने सोळा वर्षं दुसऱ्याचे केस लावून खेळायचं. आपल्याला हे किरकोळ वाटेल. पण दुकानात आपल्या रंगाची बाहुली मिळत नाही तेव्हा लहान मुलीला काय वाटतं, ते आठवून बघा. आणि हे सगळं केल्याने गेम चालत नाहीत, असंही नाही. बेल्जियममधल्या कंपनीचा २०२३ सालचा बाल्डर्स गेट ३ घ्या. त्यात कुठल्याही कुळाला वाढीव गुण हवे तिथे देता येतात. आपल्याबरोबर फिरणाऱ्या साथीदारांत विल नावाचा एक काळा वीर आहे, दिलदार आणि जरा नाटकी. त्या वर्षीचा सर्वोत्तम गेम म्हणून त्याचा गौरव झाला.

मला सगळ्यात आनंद झाला तो एका वेगळ्याच गोष्टीचा. भाचा निघायच्या आदल्या दिवशी म्हणाला, 'मावशी, तुला एक आपला गेम दाखवतो. पुण्याचाच आहे.' नॉडिंग हेड्स गेम्स नावाच्या पुण्यातल्या छोट्या कंपनीने २०२० साली राजी नावाचा गेम काढला. यात पात्र निवडायचं नसतं. नायिका ठरलेली आहे. राजी, डोंबाऱ्यासारखे खेळ करणारी सावळी पोर. असुर तिच्या धाकट्या भावाला, गोलूला पळवून नेतात आणि ती त्याला शोधायला निघते. दुर्गा आणि विष्णू तिची गोष्ट सांगत असतात. राजस्थानी महालांसारख्या इमारती, मधूनमधून सावल्यांच्या बाहुल्यांचा खेळ. त्या वर्षी अमेरिकेतल्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणातल्या सर्वोत्तम गेमसाठी त्याला नामांकन होतं. माझी लेक तो खेळताना एकदम म्हणाली, 'आई, हिची वेणी बघ!' एवढंच म्हणाली. मी काही बोलले नाही. काही वेळा आईने बोलू नये.

भाचा गेला. जाताना बहिणीचा जुना लॅपटॉप पाठवून द्यायचं कबूल करून गेला, आणि तो आलाही. अट एकच, रोज एक तास. परवा संध्याकाळी मी दिवा लावून आले तर लेक स्कायरिममध्ये नवीन पात्र करत होती. या वेळी रेडगार्ड बाई. रंगाची पट्टी तिने बराच वेळ इकडून तिकडे सरकवली, हळूच स्वतःचा हात स्क्रीनशेजारी धरून पाहिला आणि मग एका जागी सोडून दिली. गावाच्या वेशीबाहेर खजिटांचा तांडा दिसला, तर तिथेच थांबली. म्हणाली, 'यांच्याकडूनच घेते मी सगळं सामान.'

मी खूश होऊन विचारलं, 'मग ती गोरी नॉर्ड? काढून टाकलीस?'

'नाही गं. ती पण आहे. दोन्ही ठेवल्यात.'

आधी जरा खट्टू झाले. मग वाटलं, ठीक आहे. जे बीज बारशापासून पेरलं गेलं, ते एका दिवाळीत थोडंच उपटून निघणार? यादीत दुसरंही नाव आहे आणि ते निवडता येतं, एवढं तिला दिसलं. पुढची वाट तिची ती चालेल.

तुमच्या घरातही एखादं पोरगं असं स्क्रीनला डोळे लावून बसलं असेल. ओरडण्याआधी एकदा शेजारी बसा. त्याने कोण व्हायचं निवडलंय ते बघा. आणि हळूच विचारा, 'हेच का रे निवडलंस?' उत्तर गेमबद्दलचं असेलच असं नाही.